आईचे कुलमुखत्यारपत्र: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कायद्याचे मुद्दे आणि निर्णयांचा क्रम मात्र बदललेला नाही. २०२२ साली घरातील कर्ते गृहस्थ, निवृत्त प्राथमिक शिक्षक, वारले. मागे त्यांची पत्नी (या लेखात त्यांना ‘आई’ म्हटले आहे), न्यू जर्सीत स्थायिक झालेला मुलगा आणि नाशिकला दिलेली मुलगी असे तीन वारस राहिले. आईंचे वय तेव्हा ७६ होते. गुडघे दुखत असल्याने त्यांना जिना चढता येत नसे, पण बोलणे खणखणीत आणि हिशेब चोख होता.

मिळकत दोन ठिकाणी होती. गावची शेती गृहस्थांच्या नावे होती आणि तिची वारसनोंद व्हायची होती. पुण्यातील एक सदनिका आईंच्या एकटीच्या नावे होती आणि ती भाड्याने दिलेली होती. शेतीच्या बांधावरून शेजारच्या खातेदाराशी हद्द कायम करण्याचा आणि मनाई हुकुमाचा दावा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात चालू होता. वादीच मयत झाल्याने त्याचे वारस ९० दिवसांच्या मुदतीत दाव्यात दाखल करणे भाग होते. आमच्या वकिली कार्यालयाकडे हे कुटुंब आले ते या दाव्याच्या निमित्ताने.

मुलगा अठरा दिवसांची रजा घेऊन आला होता. शेत कसणारा आणि अडीअडचणीला धावून येणारा चुलत घरातील पुतण्या गावातच राहत होता. त्यामुळे ‘जाण्यापूर्वी दादाच्या (म्हणजे या पुतण्याच्या) नावाने कुलमुखत्यारपत्र करून टाकू, म्हणजे आईला कुठे जावे लागणार नाही’ असे घरात जवळजवळ ठरलेच होते. बहिणीला कोणी विचारले नव्हते. ती सासरी असते, एवढेच त्याचे कारण.

अडचण

न्यायालयाच्या आवारातील टंकलेखकाकडून मुलाने चार पानांचा तयार मसुदा आणला होता. अशा मसुद्यांत सहसा सगळेच असते: विक्री, गहाण, दान, बक्षीस, अदलाबदल, कर्ज काढणे, दावे करणे, तडजोड करणे, पैसे स्वीकारून पावती देणे, आणि शेवटी ‘आमचे कुलमुखत्यार यांनी केलेली सर्व कृत्ये ही आम्ही स्वतः केल्याप्रमाणे आम्हांस मान्य व बंधनकारक राहतील’ हे वाक्य. आईंना हवे होते ते याच्या एक दशांशही नव्हते. त्यांना वारसनोंद, दावा, भाडेकरूचा करार आणि सोसायटीचा पत्रव्यवहार एवढ्याच गोष्टी दुसऱ्याने बघायला हव्या होत्या.

शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. ‘कुल’ म्हणजे सर्व, संपूर्ण. त्यामुळे कुलमुखत्यार म्हणजे सर्वाधिकार दिलेला मनुष्य. आपण रोजच्या व्यवहारात ‘विशिष्ट कामाचे कुलमुखत्यारपत्र’ असे सर्रास म्हणतो, ही खरे तर वदतोव्याघाताची, म्हणजे स्वतःलाच खोडणारी, भाषा आहे. पण ती इतकी रुळली आहे की एखाद्या कागदाने दिलेला अधिकार मर्यादित आहे, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. कागदाच्या डोक्यावर कुलमुखत्यारपत्र लिहिले की आतला अधिकार पूर्ण आहे, असेच गृहीत धरले जाते.

तेव्हा पहिल्या बैठकीत तीन प्रश्न समोर होते: अधिकार कोणाला द्यायचा, कशाकशाचा द्यायचा आणि कागद कोणासमोर करायचा. चौथा प्रश्न, म्हणजे हा अधिकार संपतो कधी, त्या दिवशी कोणी विचारला नाही. आम्हीही तो ठळकपणे मांडला नाही. पुढे सगळे अडले ते त्याच ठिकाणी.

पर्यायांचा विचार

‘कोणाला’ या प्रश्नाचे उत्तर शेवटी कायद्यातील एका कोरड्या तरतुदीने दिले, याची आम्हाला आजही गंमत वाटते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतील अनुच्छेद ४८ प्रमाणे, स्थावर मिळकत विकण्याचा अधिकार मोबदल्याशिवाय आई, वडील, भाऊ, बहीण, पती, पत्नी, मुले, नातवंडे अशा जवळच्या नात्यात दिला तर ५०० रुपयांचा मुद्रांक पुरतो; त्या नात्याबाहेर दिला तर खरेदीखताइतके पूर्ण मुद्रांक शुल्क भरावे लागते. या यादीत पुतण्याचे नाव नाही. आईंना पुण्याची सदनिका ‘वेळ पडली तर’ विकण्याचा अधिकार द्यायचाच होता, आणि तो पुतण्याच्या नावे दिला असता तर एकाही खरेदीदाराचे तोंड पाहण्यापूर्वी शुल्काची रक्कम लाखांत गेली असती. हे कळल्यावर मुलाने फोन उचलला आणि नाशिकला बहिणीला लावला.

पुतण्या दुखावला, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याला मोजणीच्या दिवशी हजर राहण्याचे आणि तलाठी कार्यालयात कागद देण्या-घेण्याचे साधे अधिकारपत्र दिले गेले. ई-पीक पाहणीत नोंद करताना खातेदार म्हणून वारसांचीच नावे राहतील, हेही त्याच्याशी समोरासमोर बोलून घेतले. हे बोलणे अवघड गेले, पण पुढे त्यावरून वाद झाला नाही.

‘कशाकशाचा’ या प्रश्नावर आम्ही तयार मसुदा बाजूला ठेवून कोरा कागद घेतला. शेतीबाबत वारसनोंद, फेरफार, मोजणी आणि दावा चालवणे एवढेच अधिकार लिहिले. विक्री, गहाण आणि बक्षीस यांचा अधिकार नाही असे स्पष्ट वाक्य घातले. सदनिकेबाबत भाडेकरार, भाड्याची वसुली आणि विक्री हे अधिकार लिहिले, मात्र विक्रीची रक्कम आईंच्या खात्यातच जमा होईल अशी अट घातली. मुखत्याराने आपला अधिकार तिसऱ्याला देऊ नये आणि दरवर्षी मार्चअखेर हिशेब द्यावा, हेही लिहिले. हिशेब देण्याचे बंधन भारतीय करार अधिनियमाच्या कलम २१३ ने मुखत्यारावर एरवीही असतेच. तरी घरातल्या घरात तो मागायला लोक संकोचतात, म्हणून कागदावर लिहिलेले बरे असते.

‘कोणासमोर’ हा प्रश्न तुलनेने सोपा होता. नोटरीसमोर केलेला कागद बऱ्याच कामांना चालतो. पण त्याच्या आधारे दस्त नोंदणीसाठी सादर करायचा असेल, तर नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे भारतात राहणाऱ्या व्यक्तीचे मुखत्यारपत्र तिच्या भागातील निबंधक किंवा दुय्यम निबंधकासमोर झालेले असावे लागते. चालता न येणाऱ्या व्यक्तीसाठी त्याच कायद्यात घरी येण्याची सोय आहे, आणि आम्ही गृहभेटीचा अर्ज केला.

प्रत्यक्ष कार्यवाही

दुय्यम निबंधक घरी आले तो प्रसंग नमूद करण्यासारखा आहे. संगणक, कॅमेरा आणि अंगठ्याचे यंत्र ओसरीवरच्या टेबलावर मांडले गेले. दोन ओळखदार बाजूला बसले. साहेबांनी मुलीला आत जायला सांगितले आणि आईंना विचारले, “आजी, हा कागद कशाचा आहे?” आई म्हणाल्या, “शेताचं आणि कोर्टाचं लेकीनं बघायचं. शेत विकायचं नाही. पुण्याचं घर लागलं तर विकावं, पण पैसे माझ्या पुस्तकात आले पाहिजेत.” चार पानी मसुद्यात न मावलेला अर्थ त्या तीन-चार वाक्यांत होता. त्याच आठवड्यात आईंचे बचत खाते मुलीसह ‘दोघींपैकी कोणीही किंवा हयात’ पद्धतीचे करून घेतले. हा सल्ला बँकेच्या शाखेतील लिपिकाने दिला होता, आम्ही नव्हे.

मुलाने स्वतःच्या वतीने बहिणीला द्यायचे मुखत्यारपत्र मात्र रखडले. रजा संपल्याने तो परत गेला आणि तेथील नोटरीसमोर सही करून, त्यावर अपोस्टिल (कागद खरा असल्याचे तेथील शासनाचे प्रमाणपत्र) घेऊन त्याने कागद कुरिअरने आईच्या पत्त्यावर पाठवला. आईंनी तो महत्त्वाचा म्हणून देवघराखालच्या कपाटात नीट ठेवून दिला. परदेशात झालेला असा दस्त राज्यात प्रथम आल्यापासून तीन महिन्यांत येथे मुद्रांकित करून घ्यावा लागतो. आमच्या हाती तो आला तेव्हा चार महिने उलटले होते. दंडाच्या वाटेने जाण्यापेक्षा नवा कागद करून घेणे सोपे ठरले. दुसऱ्या वेळी कागद थेट कार्यालयाच्या पत्त्यावर मागवला, आणि तो केव्हा पोचला याचा पुरावा म्हणून कुरिअरचे पाकीट तारखेसह जपून ठेवले. दाव्याच्या वकीलपत्रावर मुलाची सही रजेतच घेतली होती, म्हणून ९० दिवसांची मुदत वाचली. वकीलपत्र आणि मुखत्यारपत्र यांत लोक गल्लत करतात, तेव्हा एवढे सांगतो की मुखत्याराला पक्षकाराच्या वतीने न्यायालयात हजर राहता येते आणि अर्ज देता येतात, पण त्यामुळे त्याला वकिलासारखा युक्तिवाद करण्याचा हक्क मिळत नाही.

दाव्यात पुराव्याची वेळ आली तेव्हा आमच्या हातून चूक झाली. आईंना त्रास नको म्हणून सरतपासणीचे (आपल्या बाजूच्या साक्षीचे) प्रतिज्ञापत्र मुखत्यार या नात्याने मुलीचे दाखल केले. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी तीनच प्रश्न विचारले. हद्दीचे दगड पुरले तेव्हा आपण कोठे होता? पुण्यात, वसतिगृहात. शेजाऱ्याशी तोंडी बोलणे झाले तेव्हा हजर होता का? नाही. मग हे आपल्याला कोणी सांगितले? आईने. ते खाली बसले. मुखत्याराने स्वतः केलेल्या कृत्यांविषयी त्याला साक्ष देता येते, पण जे केवळ मूळ पक्षकाराला ठाऊक आहे त्याविषयी त्याच्या जागी उभे राहून साक्ष देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानकी वासदेव भोजवानी विरुद्ध इंडसइंड बँक या निर्णयात सांगितलेले आहे. ते आम्हाला माहीत नव्हते असे नाही. सोयीपुढे ते मागे पडले.

त्यानंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ प्रमाणे आयुक्त नेमून आईंची साक्ष घरीच नोंदवावी, असा अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. २०२४ च्या सुरुवातीला खाटेवर बसून आईंनी साक्ष दिली. बांधावरची बाभूळ कोणत्या साली तोडली, दगड कोणी धरले आणि शेजाऱ्याच्या वडिलांनी त्या दिवशी चहा घेतला की नाही, हे सारे त्यांनी सांगितले. मात्र दुपारनंतर त्यांनी एकच प्रश्न दोनदा ऐकून घेतला आणि आयुक्तांना दोनदा गाव विचारले. तेव्हा आम्ही ते वयावर घातले.

निर्णायक वळण

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात अल्झायमरचे निदान झाले. दिवस-रात्र देखभालीसाठी बाई ठेवावी लागली, खर्च वाढला आणि मुलीने पुण्याची सदनिका विकण्याचे ठरवले. खरेदीदार मिळाला, विसारही दिला गेला. नोंदणीच्या तयारीत मुलीसमोर नेहमीचा छापील कागद आला: कुलमुखत्यारधारकाचे घोषणापत्र. लिहून देणाऱ्याने मुखत्यारपत्र रद्द केलेले नाही, ती व्यक्ती मयत झालेली नाही आणि अन्य कोणत्याही कारणामुळे ते रद्दबातल ठरलेले नाही, असे त्यात मुखत्याराला लिहून द्यावे लागते. खोटे ठरल्यास नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ खाली शिक्षेची जाणीव असल्याचेही त्यातच लिहिलेले असते. एजंटाच्या लेखी ती केवळ एक सही होती.

मुलीने फोन करून आम्हाला विचारले, “आई जिवंत आहे, तिने कागद रद्द केलेला नाही, मग यात खोटे काय?” या प्रश्नाचे उत्तर त्या तिसऱ्या वाक्यात दडलेले आहे. करार अधिनियमाच्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणारी व्यक्ती मयत झाली की मुखत्यारी संपते, तशीच ती व्यक्ती मनोविकल झाली तरीही संपते. काही देशांत देणाऱ्याची बुद्धी गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र करता येते. आपल्या कायद्यात तशी सोय नाही. ज्या दिवसासाठी म्हणून घरातील लोक हा कागद करून ठेवतात, नेमका त्याच दिवशी तो निकामी होतो. कागद नोंदणीकृत आहे आणि मुद्रांक बरोबर आहे, याने त्यात फरक पडत नाही.

समोर चार वाटा होत्या. पहिली, सही करून मोकळे होणे. ‘कोणाला कळणार आहे’ असे सांगणारे घरात आणि बाहेरही होते. परंतु खरेदीदाराच्या कर्जासाठी बँकेच्या वकिलांनी आईंशी व्हिडिओ कॉलवर बोलण्याची मागणी केली, आणि ती वाट तेथेच बंद झाली. न केली असती तरी आम्ही त्या दस्ताला हात लावला नसता. एजंटाने सुचवलेला ‘पॉवरवरच व्यवहार’, म्हणजे खरेदीखत न करता नुसत्या मुखत्यारपत्रावर विक्री, तर विचारात घेण्याजोगाही नव्हता. अशा व्यवहाराने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केले आहे. दुसरी वाट, आईंचा ‘चांगला दिवस’ पाहून त्यांचीच सही घेणे. करार अधिनियमाच्या कलम १२ मध्ये मधूनमधून भानावर असणाऱ्या व्यक्तीला त्या काळात करार करता येतो, हे खरे. पण उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसा दाखला द्यायला नकार दिला आणि तो नकार योग्य होता. तिसरी वाट, विक्री सोडून भाड्यावर निभावणे. पण भाडेकराराच्या नूतनीकरणावरही सही कोणाची, हा प्रश्न तोच. चौथी वाट उच्च न्यायालयाची होती.

चौथी वाट घ्यायचे ठरले. वृद्धापकाळी स्मृती गेलेल्या व्यक्तीच्या मिळकतीसाठी पालक नेमण्याची सुटसुटीत प्रक्रिया कोणत्याही एका कायद्यात नाही; मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ उपचारांपुरता नामनिर्देशित प्रतिनिधी देतो, मिळकतीचा व्यवस्थापक नाही. म्हणून उच्च न्यायालये संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालील अधिकार वापरून असे पालक नेमत आली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाले. आमची याचिका त्याआधीची, त्यामुळे साऱ्या तारखांना मुंबई गाठावी लागली.

मधल्या काळात मुलीने काहीच करू नये असे नव्हते. देणाऱ्याची बुद्धी गेल्याने मुखत्यारी संपली, तरी आपल्याकडे सोपवलेल्या हितांच्या रक्षणासाठी वाजवी उपाय करणे मुखत्याराचे कर्तव्यच आहे, असे कलम २०९ सांगते. त्याच्या आधारे तिने सोसायटीचा देखभाल खर्च भरला, गळती दुरुस्त करून घेतली आणि भाडेकरूकडून भाडे आईंच्या खात्यात घेत राहिली. प्रत्येक पावतीच्या मागे ती पेन्सिलने कारण लिहीत असे, आणि याचिकेत त्या पावत्यांचा फार उपयोग झाला.

निष्पत्ती

शासकीय रुग्णालयाचा वैद्यकीय अहवाल, वारसांचा अहवाल आणि भावाचे संमतीचे प्रतिज्ञापत्र (पुन्हा अपोस्टिल, पुन्हा कुरिअर) दाखल झाल्यावर सुमारे सात महिन्यांनी मुलीची पालक म्हणून नेमणूक झाली. मूल्यांकनापेक्षा कमी किमतीला विकू नये, रक्कम आईंच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी, व्याज देखभालीवर खर्चावे आणि ठराविक मुदतीने हिशेब सादर करावा, अशा अटी आदेशात होत्या. पहिला खरेदीदार तोपर्यंत थांबला नाही. त्याचा विसार परत केला. पुढे दुसऱ्या गिऱ्हाइकाला सदनिका विकली गेली.

हद्दीचा दावा आईंच्या साक्षीच्या बळावर मंजूर झाला. न्यायाधीशांनी निकालपत्रात मुलीची साक्ष ऐकीव म्हणून बाजूला ठेवली आहे.

वेगळे काय करता आले असते

साक्ष आधी आणि मुखत्यारपत्र नंतर, असा क्रम हवा होता. आईंची स्मृती शाबूत असताना, २०२२ मध्येच आयुक्तामार्फत साक्ष नोंदवण्याचा प्रयत्न करायला हवा होता. आम्हाला ती संधी अगदी थोडक्यात मिळाली. आणखी सहा महिने गेले असते तर दावाच बुडाला असता.

सदनिकेबाबत मत देणे कठीण आहे. आई सक्षम असताना ती विकून रक्कम ठेवीत टाकली असती तर याचिका टळली असती. पण त्या वेळी विकण्याचे कारण नव्हते आणि भाडे चांगले येत होते. मुलीला बक्षीसपत्राने देता आली असती. राहती मिळकत मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिल्यास महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे, आणि देखभालीची अट लिहिलेली असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चे संरक्षणही मिळते. तरीही आईने आपल्या हयातीत डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याच्या नावे करावे, असा सल्ला मी सहजासहजी देणार नाही. मुलगी चांगली निघाली, ही या कुटुंबाची पुण्याई. खासगी विश्वस्त व्यवस्था हा अधिक टिकाऊ पर्याय होता, कारण ती करून ठेवणाऱ्याची बुद्धी गेली तरी विश्वस्ताचा अधिकार संपत नाही. एका सदनिकेसाठी तेवढा खटाटोप तेव्हा कोणालाच पटला नसता, हेही तितकेच खरे.

आमच्या बाजूने मात्र एक गोष्ट निश्चित चुकली. मसुद्याच्या शेवटच्या परिच्छेदात ‘कायद्याने संपुष्टात येईपर्यंत’ हे शब्द होते. त्यांचा अर्थ आम्ही कुटुंबाला तोंडी समजावून सांगितला नाही. आता अशा कामाच्या पहिल्या बैठकीतच आम्ही विचारतो की देणाऱ्याची बुद्धी गेली तर या मिळकतीचे काय करायचे आहे. आणि वय सत्तरीपुढे असेल तर कागद होतो त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला सोबत ठेवतो.

शेजाऱ्याने निकालावर जिल्हा न्यायालयात अपील केले आहे. त्यात आईंच्या वतीने मुलगी पालक म्हणून हजर होते, आणि भावाच्या वतीने त्याच्या दुसऱ्या, वेळेत मुद्रांकित झालेल्या मुखत्यारपत्रावर.